नांगर उचललेली जागा

मला कुणी काही विचारलं की मी गरजेपेक्षा जास्त सांगते. हा दोष माझ्यात कॉलेजात गेल्यावर आला. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. वडील महाळुंग्याच्या एका कंपनीत फोर्जिंगला, तापलेलं लोखंड ठोकायच्या कामावर आहेत, आई तीन घरी स्वयंपाक करते. घरी आल्यावर आज काय शिकलीस, असं कुणी विचारत नाही. त्यात त्यांची चूक नाही, दोघंही दमलेले असतात. एकदा मी आपणहून सांगायला गेले की दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून रोमन लोकांची दारू उंच मातीच्या कुंभांत भरून आपल्याकडे यायची, कोकणात उतरायची आणि घाट चढून वर यायची. वडील जेवता जेवता म्हणाले, "दारूचंच शिकवायलेत का तिथं?" आई हसली, मीही हसले. पुढचं सांगायचं राहून गेलं.

म्हणून तात्यांनी जेव्हा विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. त्याचं पुढे काय झालं ते लिहायला बसले आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

चऱ्होलीच्या बाजूला, नदीपासून जरा उंचावर, एक पसरट टेकाड होतं. पूर्वी कधीतरी वस्ती असलेल्या जमिनीला गावातले लोक पांढर म्हणतात. तिथली माती राखेसारखी भुरकी आणि हलकी असते. जुन्या घरांच्या भिंतींना आणि धाब्याच्या छतांना लोक तीच माती नेत. या पांढरीवर आता सात टॉवर व्हायचे होते. चारी बाजूंनी निळे पत्रे लागले होते. पाया तपासायला मारलेल्या एका खड्ड्यात खापरांचा खच निघाला, कुणीतरी फोटो वर पाठवले, आणि आमच्या विभागाच्या मॅडमना तिथे खणायला तीन आठवडे मिळाले. तीन आठवड्यांनी पोकलेन येणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आम्ही पाच विद्यार्थी होतो आणि ठेकेदाराचे आठ-दहा मजूर.

मॅडम कधी आवाज चढवत नसत. त्यांना तशी गरज पडत नसे. पहिल्या संध्याकाळी त्यांनी माझी डायरी घेतली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. "माती बहुतेक तांबूस. खापर बहुतेक चाकावरचं. थर बहुतेक हललेला." मग डायरी मिटून म्हणाल्या, "अगं, तू खणायला आलीयेस की तुला बघायला पाहुणे आलेत? बहुतेक, बहुतेक! माहीत असेल तर लिही, नसेल तर 'माहीत नाही' लिही." मुलं हसली. घमेलं घेऊन उभी असलेली मजूर बाईसुद्धा हसली. पुढे कित्येक दिवस वर्गातला एक मुलगा मला 'बहुतेक मॅडम' म्हणायचा. मला त्याचा राग यायचा, पण मॅडमचा आला नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शिवाय त्यांच्या पत्राशिवाय मला शहरातल्या संस्थेत एम.ए.ला जागा आणि हॉस्टेल मिळणार नव्हतं. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "पत्र आणि हॉस्टेल मिळालं तर बघू. नाहीतर बी.ए. झालं की बास."

तात्या म्हणजे त्या जमिनीचे जुने मालक. जमीन त्यांच्या मुलाने बिल्डरला दिली होती आणि आता माती उचलण्याचा ठेकाही मुलाकडेच होता. मजूर त्याला शेठ म्हणायचे. तात्या रोज सकाळी काठी टेकत यायचे, एखादं घमेलं पालथं घालून त्यावर बसायचे आणि दुपारपर्यंत आम्हाला बघायचे. शेठ गाडीतून उतरला की मजुरांसाठी वडापावची पिशवी काढायचा आणि बापाकडे बघून काहीतरी बोलायचा.

"मॅडम, आमच्या तात्यांला बी घ्या खणून. त्ये बी रोमनच हायत. नंबर टाका अंगावर आन ठिवा काचंत."

मजूर हसायचे. तात्याही हसायचे, त्यांच्या तोंडात दात थोडेच उरले होते. आपल्यावर हसतात हे त्यांना कळत नाही, असं मला आधी वाटलं होतं. तसं नव्हतं.

आम्ही जागेचा नकाशा काढला तेव्हा टेकाडाच्या पूर्व कडेला एक विचित्र आकार आला. बाकी सगळीकडे नांगराचे तास होते, पण आमच्या खोलीएवढी एक जागा मुळीच नांगरलेली नव्हती. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगलेली, साधारण डोळ्यासारखी. तिच्यावर गवत होतं, तरवडाचं एक झुडूप होतं आणि तीन दगड. मॅडम खूश झाल्या. "नांगर न लागलेली जमीन म्हणजे खाली सगळं जसंच्या तसं. दोन नंबरचा चर इथे घ्या."

तात्या घमेल्यावरून उठले. मला वाटतं, ते पहिल्यांदाच मॅडमशी बोलले.

"काठाला खना बाई. आत नगा जाऊ."

"का?"

"नगा."

मॅडमनी खांदे उडवले आणि चर काठाला घेतला. शेठ तिकडून म्हणाला, "घ्या मॅडम बिनधास्त आत. म्हाताऱ्याचं काय ऐकता." पण मॅडमना शेठही आवडत नव्हता. चर काठालाच राहिला.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी माझी अर्धी भाकरी तात्यांना दिली. त्यांनी ती कुस्करून खाल्ली, हात धोतराला पुसले आणि मी काही न विचारताच सांगायला लागले. त्यांची पहिली मुलगी आठ महिन्यांची असताना तापाने गेली. तिला अजून दात आले नव्हते.

"दात न आलेल्या लेकराला जाळत न्हाईत. पुरत्यात. हितं पांढरीच्या कडंला आनली, तवर ही कड पडीकच हुती. त्या साली नांगराय आलो, बैलं हितवर आली, आन माझा हातच उचलला. नांगर उचलून पल्याड टेकला. मग दर सालीच. पुढं ट्रॅक्टर आला, तवा म्या फुडं हुबा ऱ्हायचो. त्यो डायवर शिव्या द्यायचा मला."

"शेठना माहीत आहे?"

"हाय की ठावं. त्यो म्हनतो, पार्किंगमंदी देवळी बांधू. गाडी लावताना लोकं हात जोडतील." तात्यांनी तीन दगडांकडे बघितलं. "गाड्या तिच्या अंगावर लावनार, आन वर हात जोडनार."

ती जागा नकाशात तळघराच्या उतारात जात होती. खाली गाड्या उभ्या राहायच्या म्हणजे तीस-चाळीस फूट माती जाणार. तात्यांना टॉवर नको होता असं नाही. त्यांना तेवढा डोळ्याच्या आकाराचा तुकडा हवा होता, दुसरं काहीच नको होतं.

पहिल्याच आठवड्यातल्या शनिवारी मला रोमन कुंभाचा कान, म्हणजे धरायची मूठ, सापडला. दोन नंबरच्या चरात, नांगर न लागलेल्या बाजूला, राखेच्या रेषेच्या खाली. मॅडम गावात कुणालातरी भेटायला गेल्या होत्या, मुलं एक नंबरला होती. आधी मला ते मूळ वाटलं. मग ब्रश मारला तर तांबूस, दोन बोटं जोडल्यासारखी जोडमूठ. माती इतकी घट्ट बसली होती की बांबूच्या काडीने टोकरत टोकरत मला दीड तास लागला. आणि शेवटी मी तो उचलला. फोटो काढला नाही, मोजपट्टी लावली नाही, कुणाला हाक मारली नाही. वस्तू जागेवर असताना फोटो काढायचा, हे पहिल्याच तासाला शिकवलेलं. मी विसरले नव्हते. मला तो हातात घ्यायची इतकी घाई झाली होती की मी थांबले नाही.

मॅडम आल्या, त्यांनी त्यावर पाणी शिंपडलं, तुटलेली कड उन्हात धरली. तांबड्या मातीत बारीक काळी रेती चमकत होती. "ही माती इथली नाही," त्या म्हणाल्या. "ही समुद्रापलीकडची." मग फोटो नाही हे कळल्यावर माझ्याकडे नुसतं बघितलं. पण त्या दिवशी त्या मला काही बोलल्या नाहीत. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एकटा तुकडा म्हणजे वाटसरू," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "कुणाच्याही पायाबरोबर येतो. याच थरात अजून दोन-तीन मिळाले तर मी लिहून देईन की ही पट्टी खणायची नाही. नाहीतरी यांना बाग सोडायचीच आहे, ती इकडे आणा म्हणावं."

शेठ तिथेच होता. "बाग? तिथं पार्किंगचा रॅम्प हाय मॅडम."

"रॅम्प हलवता येतो."

तात्या घमेल्यावर बसून ऐकत होते. बागेचं त्यांना नीट कळलं.

नंतर माझ्या लक्षात आलं की तो कान तिथे जसाच्या तसा राहिला होता तो त्या आठ महिन्यांच्या मुलीमुळे. तिच्यासाठी नांगर उचलला नसता तर बाकीच्या टेकाडासारखं तिथेही सगळं कालवून गेलं असतं. हे मी डायरीत लिहिलं नाही. अशा गोष्टीसाठी डायरीत रकाना नसतो.

सोमवारी दिवसभर काही मिळालं नाही. मंगळवारी दुपारी सगळे सावलीला गेले होते, तेव्हा तात्या चराच्या कडेला येऊन वाकले.

"पोरी, ह्ये तुमी कशावरनं ठरिवता गं? कोन्तं जुनं आन कोन्तं नवं?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी चरात उतरले आणि कापलेल्या भिंतीवर हात ठेवून एकेक थर दाखवला. वरची माती नांगराने हललेली. तिच्यात सापडलं ते धरत नाहीत, कारण ते कुठून आलं हे सांगता येत नाही. त्याच्या खाली ही राखेची रेषा. रेषेखाली वीतभर जो भुरका थर, तो त्या काळातला. शनिवारचा कान तिथलाच.

"म्हंजे वरच्या मातीत घावलं तर उपेग न्हाई."

"नाही."

"आन त्या रेघंखाली घावलं तर?"

"अजून दोन-तीन मिळाले तर मग ही जागा राहते."

"राहती?"

"राहते," मी म्हणाले. या वेळी मी 'बहुतेक' म्हणाले नाही.

तात्यांनी हात लांब करून रेषेखालच्या मातीवर तळवा ठेवला, गुराच्या अंगावर ठेवतात तसा. मग काठी घेतली आणि रोजच्यापेक्षा लवकर घरी गेले. माझ्या मनात आलं, आपण एका माणसाला काहीतरी समजावून सांगितलं. घरी जाताना बसमध्ये मला खूप बरं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही चरावरची ताडपत्री काढली आणि तासाभरात तीन तुकडे निघाले. दोन कान आणि कुंभाचं खालचं निमुळतं टोक. तिन्ही राखेच्या रेषेखाली, वीतभर अंतरावर. मुलं नाचायला लागली. 'बहुतेक मॅडम' म्हणणाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मीही हसत होते. मॅडम मात्र चरात उतरून खाली बसल्या. त्यांनी एका कानाच्या खालच्या मातीत अंगठा दाबला. अंगठा पेरभर आत गेला. मग चिमट्याने त्यांनी तिथून एक पांढरा धागा ओढून काढला. प्लास्टिकचा, युरियाच्या पोत्याचा असतो तसा.

त्या वर आल्या. तात्या घमेल्यावर बसले होते आणि त्यांचा चेहरा सणाच्या दिवशी असावा तसा होता.

"तात्या, हे तुम्ही ठेवलंत?"

"व्हय."

"कुठून आणलंत?"

"आनतोय कुठनं? माझ्याच रानातलं हाय. नांगराला लागायचं तवा काडून ठिवायचो. गोठ्यात पोत्यात हुतं, चाळीस वर्सं. परत जिथलं तिथं ठिवलं."

त्यांना खरोखर असं वाटत होतं की आपण मदत केली. वस्तू खरी, रान तेच, मालक तोच. त्यांच्या हिशेबात खोटं काहीच नव्हतं.

"नेमकं त्या थरात ठेवायचं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. माझा चेहरा बघून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

"कुनी न्हाई. मला डोळं हायत. तुमी खनताना बघतोय की."

"कधीपासून बघताय?"

"पयल्या दिसापासनं."

"म्हणजे कुठल्या थरात काय लागतं हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"व्हय."

मॅडमनी माझ्याकडे मान वळवली. "मग शनिवारचा कान? तो तू एकटीने काढलास. फोटो नाही. तो तरी कशावरून जागेवरचा?"

तो जागेवरचाच होता. तो काढायला मला दीड तास लागला होता. आणि तात्यांना थरांचं कळलं ते मंगळवारी, माझ्याकडून, कान सापडल्यानंतर तीन दिवसांनी. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. गुरुवारचे तीन तुकडे गेले असते, पण शनिवारचा राहिला असता. नुसत्या तेवढ्यावर पट्टी वाचली असती असं मी म्हणत नाही, पण मॅडमनी अजून आठवडाभर आत खणलं असतं, आणि आत नांगर न लागलेली जमीन होती. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. पण ते बोलले तर मंगळवार सांगावा लागला असता.

"तुला काही सांगायचंय?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग शनिवारचाही तुमचाच, तात्या."

तात्यांना प्रश्न कळलाच नव्हता. कान मान्य केला म्हणजे आपल्या बाजूचं होईल असं त्यांना वाटलं. "माझाच म्हना की," ते म्हणाले. "रान माझंच हाय."

मॅडमनी मला डायरी उघडायला लावली आणि सांगितलं तसं लिहून घेतलं. चर क्रमांक दोन. थर बाहेरून हस्तक्षेप झालेला. वस्तू नोंदीस अपात्र. माझं अक्षर चांगलं आहे. त्या ओळींतही ते चांगलंच आलं.

शेठला तासाभरात बातमी लागली. तो आला, मजुरांच्या मध्ये उभा राहिला आणि पोटावर हात धरून हसला.

"तात्या, चाळीस वर्सं खापरं जपली आन आपल्याच हातानं रॅम्प पास करून दिला. राव, आज पार्टी पायजे. ए, म्हाताऱ्याला हार आना रे कुनीतरी."

एका मजुराने खरंच ताडपत्रीची दोरी हारासारखी धरून तात्यांच्या गळ्याजवळ नेली. बाकीचे हसले. तात्यांनी दोरी हाताने बाजूला केली आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे काय झालं गं?"

समजावून सांगायचं काम माझंच होतं. मी म्हणाले, "तात्या, वस्तू खऱ्या आहेत. पण तुम्ही हलवल्या. हलवलेलं धरत नाहीत. आणि एक ठेवलेलं निघालं की बाकीचंही धरत नाहीत."

"पन खरी हायत न्हवं?"

"खरी आहेत."

"मग?"

मी डायरी मिटून पिशवीत टाकली.

परत जाताना गाडीत मॅडम पुढे बसल्या होत्या. मागे न बघता त्या म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला कुणी शिकवलं, हे मी विचारत नाहीये. विचारलं तर मला ते लिहावं लागेल, आणि मग तुझं पत्र लिहिता येणार नाही." म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. दोघींनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही खुंट्या आणि सुतळ्या काढल्या. मॅडमचा अहवाल गेला. नोंदीस अपात्र तुकडे चराच्या कडेला टाकून दिले, त्यातला शनिवारचा कान मी पिशवीत घातला. निघताना तात्या माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या हातातल्या ब्रशकडे बोट दाखवलं.

"तू ह्येनी खनतीस. हाडाला बी लागत न्हाई म्हनतात."

"नाही लागत."

"तेवढं काडून दे मला. जे आसंल ते. इंद्रायणीत सोडतो. त्या पोकलेनच्या दातात नगं."

"कधी सुरू होणार काम?"

"त्यो म्हनतो, सोमवारी."

"मी शनिवारी सकाळी येते," मी म्हणाले. "लवकर येते."

शुक्रवारी मॅडमचा निरोप आला. पत्र तयार आहे, शनिवारी दहाला विभागात येऊन घेऊन जा. मला सोमवारी येऊ का असं विचारता आलं असतं. पहाटे तात्यांकडे जाऊन मग विभागात जाता आलं असतं. या दोन्ही गोष्टी मला तेव्हाच सुचल्या होत्या, नंतर नाही. पण मॅडमना वाट बघायला लावायची भीती वाटली आणि दुपारपर्यंत काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. विभागात मला बाकावर बसवून ठेवलं. साडेबाराला पत्र हातात आलं. त्यात एक वाक्य होतं की ही विद्यार्थिनी नोंदी अत्यंत अचूक ठेवते.

मी पोचले तेव्हा दोन वाजले होते. निळे पत्रे एका बाजूने उघडले होते आणि आत धूळ होती. टेकाडाची पूर्व कड तिथे नव्हती. तरवड नव्हता, दगड नव्हते. पोकलेन खड्ड्यात उतरलं होतं आणि वर डंपर रांगेत उभे होते. शेठने मला बघितलं.

"सोमवारी म्हनलो हुतो, पन मशीन आजच मोकळं झालं. आता खापरं येचायची आसली तर पुनावळ्याला जा, भावाच्या मागं बसून." त्याने एका डंपरच्या चालकाकडे बोट दाखवलं. दोघं हसले.

तात्या पत्र्याजवळ पालथ्या घमेल्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. मांडीवर एक नवं मडकं होतं, त्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. ते सकाळी सहापासून तिथे होते. मी का आले नाही, असं त्यांनी विचारलं नाही. पिशवीतून डोकावणारा लिफाफा मी आत ढकलला.

ते म्हणाले, "पोरी, कोन्च्या गाडीत गेलं आसंल?"

मी चालकांकडे गेले. एक लातूरकडचा होता. आम्हीही मूळचे तिकडचेच, हे माझ्या बोलण्यावरून त्याने ओळखलं आणि नीट सांगितलं. "ती कडेची माती सकाळच्या पहिल्या दोन खेपांत गेली, महाळुंग्याला. एका कंपनीची नवी शेड हाय, तिथं भराव टाकायलेत. टाकलं की रोलर फिरवायलेत आणि लगेच वरून काँक्रीट. आता हे सगळं पुनावळ्याला चाललंय, तिथं नुसतं मोकळं मैदान हाय."

महाळुंग्याच्या शेड मला माहीत आहेत. वडील सांगतात, हॅमर पडला की पायाखालची जमीन दिवसभर हादरते, घरी आल्यावरही अंगात हादरे राहतात. गेटवर सिक्युरिटी असते. कुणाच्या आठ महिन्यांच्या मुलीसाठी तिथे कुणाला आत सोडत नाहीत.

मी परत आले. तात्यांनी मान वर केली.

माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहायचं, असं मी शिकले होते. इथे तर मला माहीत होतं.

"पुनावळ्याला गेली," मी म्हणाले.

"मोकळं रान हाय का तिथं?"

"हो. मोकळं आहे."

त्यांनी मडक्याचं फडकं सोडलं, आत बघितलं आणि परत बांधलं. "मोकळं हाय तर बरं," ते म्हणाले.

आता मी शहरात हॉस्टेलवर राहते. शनिवारचा कान खिडकीत आहे. त्यावर नंबर टाकलेला नाही, कारण त्याला नोंदच नाही. माझ्या खोलीतली मुलगी त्याच्यावर ओले मोजे वाळत घालते. तो काय आहे हे मी तिला सांगितलेलं नाही.

तात्या फोन करतात. नंबर त्यांनी कुणाकडून तरी भरून घेतलाय. दर अमावस्येला दोन बस बदलून ते पुनावळ्याला जातात. तिथल्या मैदानात मातीच्या ढिगांपैकी एक त्यांनी ठरवून घेतलाय. पहिल्यांदा वॉचमनने हाकललं, दुसऱ्यांदा तंबाखू मागितली, आता बसू देतो. पावसाळ्यानंतर त्यांनी सांगितलं, "तरवडाचं बी टाकलं हुतं. उगवलंय गं." आवाजावरून ते आनंदात वाटत होते. दर वेळी फोन ठेवताना मला वाटतं, या वेळी सांगावं. पण खरं सांगायचं म्हणजे त्यांना महाळुंग्याच्या गेटवर नेऊन उभं करायचं. आणि नाही सांगितलं तर ती जिथे नाहीच त्या मातीला ते पाणी घालतात. यातलं जास्त वाईट कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर होते. ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. माझं जेवण, माझ्या वडिलांची शिफ्ट. मग म्हणाले, "पुनावळ्याला पत्रं लागल्यात. निळं."

मी पायरीवरून उठून उभी राहिले.

"हितं बी तुमच्या बाई येतील का गं आधी? खनायला?" ते थांबले. मग घाईघाईने म्हणाले, "त्यांला सांग, आवंदा म्या कायबी ठिवनार न्हाई. लांब बसंन."

"विचारते," मी म्हणाले.